'सर्व्हर डाऊन' आणि ९९.९ टक्के

(मंगरूळपीर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



विषय पत्रिकेवर जरा भारदस्त छापला गेलाय: 'वितरित संगणक प्रणालींची कार्यक्षमता आणि बिघाड-सहनशीलता यांच्या मूल्यमापनाची समीक्षा'. हे वाचून कोणी घरीच थांबलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पण हाच विषय आपल्या तालुक्यात रोज तीन शब्दांत बोलला जातो. "सर्व्हर डाऊन हाय." रेशन दुकानात, सेवा केंद्रावर, बँकेच्या खिडकीवर, तलाठी कार्यालयात. ऐकणारा माणूस मान डोलावतो, पिशवीची घडी करतो आणि परत जातो. कोणता सर्व्हर, कुठला, किती वेळ, कोणामुळे, काही विचारत नाही. पाऊस आला म्हटल्यावर कोणी विचारतं का, कोणी आणला?

समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता-कादंबरी आठवते. मी आज दोन वाक्यांची समीक्षा करणार आहे. पहिलं हे काउंटरवरचं, 'सर्व्हर डाऊन आहे'. दुसरं करारनाम्यांमध्ये सापडतं, 'प्रणाली ९९.९ टक्के वेळ उपलब्ध राहील'. माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी, एकाच तासाला खरी असू शकतात. दोघंही खोटं बोलत नाहीत, आणि तरी माणूस रिकाम्या पिशवीनं परत जातो. याचा अर्थ मोजमापातच काहीतरी चुकतंय.

आधी वितरित प्रणाली म्हणजे काय ते बघू. काम एक, यंत्रं अनेक, आणि मध्ये तारा. विजय भटकरांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली 'परम ८०००' उभा केला, तेव्हा तत्त्व हेच होतं: एक अवाढव्य यंत्र विकत मिळत नाही ना, मग अनेक लहान प्रोसेसर जोडून काम वाटून घ्या. भटकर मूळचे मुरंब्याचे, अकोला जिल्ह्यातले. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी आपणही अकोल्यातच, म्हणून हे सांगताना थोडी छाती फुगते. पण परमची सगळी यंत्रं एकाच छताखाली होती, त्यांचा मालक एक होता आणि वीजही एकच. तिथं कार्यक्षमता म्हणजे सेकंदाला किती गणितं, हे मोजमाप चालून जायचं. आपण ज्या प्रणालीपुढं रांगेत उभे राहतो तिचे तुकडे दहा ठिकाणी आहेत आणि त्यांचे मालकही वेगवेगळे आहेत. लेस्ली लॅमपोर्ट नावाचे या विषयातले मोठे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९८७ साली एका ई-मेलमध्ये वितरित प्रणालीची थट्टेनं व्याख्या केली होती. तिचा भावार्थ असा की जो संगणक जगात आहे हेही तुम्हाला ठाऊक नसतं, तो बंद पडला की तुमचा संगणक निकामी होतो, ती वितरित प्रणाली. रेशन दुकानदाराला ही व्याख्या समजावून सांगावी लागणार नाही.

आता ते ९९.९. वर्षाचे तास ८,७६०. त्यातले एक हजारांश म्हणजे ८ तास ४५ मिनिटं. एवढा वेळ वर्षभरात प्रणाली बंद राहिली तरी करार पाळला गेला. ऐकायला छान वाटतं. आता हे पावणेनऊ तास एका दिवशी सलग आले असं धरा. सकाळी नऊला सेवा केंद्र उघडलं, संध्याकाळी पावणेसहाला बंद केलं, झाला हिशेब पूर्ण. आणि तो दिवस पीक विम्याच्या शेवटच्या तारखेचा असेल तर? कागदावर वर्षाचा आकडा तोच राहतो, ९९.९. रात्री तीनचा तास आणि ३१ जुलैच्या दुपारचा तास या आकड्याच्या लेखी सारखेच. शिवाय अशा करारांत बहुतेक वेळा आधी कळवून केलेली दुरुस्ती बंद वेळेत धरत नाहीत.

दुसरी गोष्ट, हे कुठं उभं राहून मोजलंय? साधारणपणे सर्व्हरच्या दाराशी. सर्व्हर श्वास घेतोय का, हाक मारली तर 'ओ' देतो का, एवढं बघतात. पण रेशनच्या ई-पॉस यंत्रावर एक अंगठा लागतो तेव्हा साखळीत किती कड्या असतात ते मोजू. तो अंगठा स्वतः, जो सोयाबीन सोंगून आणि कापूस वेचून झिजलेला आहे. मग अंगठा वाचणारी काच, सिमचं नेटवर्क, पुरवठा खात्याचा सर्व्हर, आणि शेवटी आधारची पडताळणी. पाच कड्या. प्रत्येक कडी शंभरातून नव्व्याण्णव वेळा चालते असं नुसतं धरून चालू. पाचही एकाच वेळी चालण्याची शक्यता गुणाकारानं येते, ती ९५ टक्के. म्हणजे शंभरातले पाच जण परत. प्रत्येक कडीचा मालक आपला ९९ चा दाखला दाखवेल आणि खरा दाखवेल. त्या पाच जणांचा हिशेब मात्र कोणाच्याच कागदावर नसेल, कारण तो कुणाच्याही एकट्याच्या हद्दीत घडलेलाच नाही.

इथं अभियंते एक आक्षेप घेतात, तो रास्त आहे. ते म्हणतात, "साहेब, टॉवर आमचा नाही, वीज आमची नाही, बोटं तर मुळीच नाहीत. जे आमच्या हातात आहे तेच आम्ही मोजणार." ठेकेदाराला दंड किती करायचा एवढाच प्रश्न असेल तर हे बरोबर आहे. ज्याच्या हातात जे नाही त्याचा दंड त्याला करू नये. पण दंडासाठी केलेलं मोजमाप आणि प्रणाली चांगली की वाईट हे ठरवण्याचं मोजमाप, ही दोन वेगळी कामं आहेत. आपण पहिल्याचा आकडा दुसऱ्यासाठी वापरतो. शाळेची इमारत ३६५ दिवस उभी होती म्हणून शाळा चांगली, असं म्हणण्यासारखं आहे हे.

आता गर्दीकडं येऊ, कारण कार्यक्षमतेचा खरा प्रश्न तिथं आहे. २०२३ च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीक विमा आणला. अर्ज किती आले, तर दीड कोटीच्या वर. मुदत ३१ जुलै होती, ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पुढच्या वर्षी, २०२४ ला, मुदत १५ जुलैची होती, ती ३१ जुलै झाली. मुदतवाढ मिळाली म्हणून आपण आभार मानले. मानावेतही. पण मूल्यमापन करणाऱ्याच्या नजरेनं बघा. मुदतवाढ हीच आपल्याकडे प्रणालीची गर्दी शोषून घेण्याची पद्धत होऊन बसली आहे. मुदतवाढीची कारणं एकाहून जास्त असतात हे मान्य, पण सरकारी अर्जाला शेवटच्या तारखेला गर्दी होते यात अनपेक्षित काय आहे? पेरणी लांबली, पैसे नव्हते, सातबारा मिळाला नव्हता, माणूस शेवटीच येणार. रामनवमीला पोहरादेवीला गर्दी होते हे एसटीला आधी कळतं, जादा गाड्या सोडतात. मग सर्व्हरवाल्यांनाच दरवर्षी आश्चर्य का वाटावं?

रांगेचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते, त्यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला. तेव्हापासून माहीत असलेली गोष्ट अशी: खिडकी एक, माणसं कधीही येतात, प्रत्येकाला सरासरी पाच मिनिटं लागतात. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. ८० टक्के वेळ कामात असेल तर २० मिनिटं, ९० टक्क्यांना ४५ मिनिटं आणि ९५ टक्क्यांना ९५ मिनिटं. नीट बघा बरं का: ९० चे ९५ झाले, काम थोडंसंच वाढलं, थांबणं दुपटीच्या वर गेलं. म्हणून प्रणाली सोमवारी ठीक चालते आणि मंगळवारी एकदम कोसळल्यासारखी वाटते. कोणी काही तोडलेलं नसतं. ती काठावर चालत होती, आणि जूनमध्ये घेतलेल्या चाचणीत तो काठ दिसलाच नव्हता.

त्यात सरासरी ही फार गोड बोलणारी बाई आहे. शंभर अर्ज आले. नव्व्याण्णव दोन-दोन सेकंदांत गेले, एकाला पाच मिनिटं लागली. सरासरी पाच सेकंद. अहवालात लिहिणार, 'सरासरी प्रतिसाद पाच सेकंद', आणि हा पाच सेकंदांचा अनुभव शंभरातल्या एकाही माणसाला आलेला नाही. म्हणून जाणकार लोक विचारतात, शंभरातल्या सर्वांत मागच्या माणसाला किती वेळ लागला ते सांगा. आणि आपल्याकडे तो मागचा माणूस बहुधा योगायोगानं मागे पडत नाही. टॉवरपासून दूरच्या गावचा तोच माणूस दरवेळी मागे असतो.

आता बिघाड-सहनशीलता. याचा ढोबळ उपाय सगळ्यांना माहीत आहे, एकाऐवजी दोन ठेवा. १०० पैकी एकदा बंद पडणारी दोन यंत्रं शेजारी ठेवली आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकदम बंद पडायची शक्यता दहा हजारांत एक. ९९ चे ९९.९९ झाले. पण त्यातली 'संबंध नसेल' ही अट सगळा घोळ घालते. शेतकऱ्याकडं दोन विहिरी आहेत, दोन मोटारी आहेत. तो म्हणतो, एक जळाली तर दुसरी आहे. पण दोन्ही मोटारी एकाच डीपीवर आहेत. डीपी जळाली की दोन विहिरींचं काय करता?

ही डीपीची गोष्ट मुंबईत, देशातल्या सर्वांत मोठ्या शेअर बाजारात घडली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. २४ फेब्रुवारी २०२१. राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला. शेजारचा बीएसई चालू होता. एनएसईचे व्यवहार परत सुरू झाले दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. नंतर बाजारानं स्वतःच खुलासा केला. त्यांची मुख्य जागा आणि जवळची पर्यायी जागा यांच्यामध्ये दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या तारा होत्या. दोन कंपन्या, म्हणजे कागदावर दोन मोटारी. पण दोन्ही एकाच वेळी अस्थिर झाल्या, आणि कारण काय दिलं? दोन जागांच्या मधल्या रस्त्यावर चाललेलं खोदकाम आणि बांधकाम. ही झाली त्यांची डीपी.

गोष्ट इथंच संपत नाही. तारा तुटल्या तरी माहिती साठवणारी यंत्रणा चालू राहायला हवी होती, तशीच तिची रचना होती. ती राहिली नाही. त्यामुळं व्यवहारांची जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली. खरेदी-विक्रीचं यंत्र स्वतः ठणठणीत होतं, पण जोखीम कोणी तपासत नसताना सौदे चालू ठेवणं धोक्याचं, म्हणून बाजार थांबवला. आठवा आपली पाच कड्यांची साखळी. आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही की चेन्नईला सगळ्याची दुसरी प्रत तयार होती. संकटात तिथून बाजार चालवता यावा म्हणूनच ती ठेवलेली. त्या दिवशी तिकडं जायचं नाही असं ठरलं. का गेला नाहीत, हे सेबीनंही विचारलं.

मी याला भ्याडपणा म्हणणार नाही. अर्धवट बिघाडात दुसऱ्या जागी उडी मारणं धोक्याचंच असतं. शेवटचे काही सौदे इकडं नोंदले गेले आणि तिकडं पोहोचलेच नाहीत, असं झालं तर? पण मग मूल्यमापनाचा निष्कर्ष सरळ आहे. जी दुसरी प्रत वापरायची हिंमत होत नाही, ती मोजणीत धरू नका. सेबीनं २२ मार्च २०२१ ला नियम कडक केले ते याच जागी. महत्त्वाची यंत्रणा बिघडली की ३० मिनिटांच्या आत ती 'आपत्ती' आहे असं जाहीर करायचं, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचं. म्हणजे यंत्राच्या वेगाबरोबर माणसाच्या निर्णयालाही मुदत घातली. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पुढं २ मार्च २०२४ च्या शनिवारी एनएसईनं बाजार मुद्दाम उघडला. थोडा वेळ मुख्य जागेवरून आणि नंतर पर्यायी जागेवरून, खऱ्या पैशांचे खरे सौदे करून बघितले. १८ मे ला पुन्हा. अमेरिकेत नेटफ्लिक्सवाले तर चालू कामात आपलीच यंत्रं मुद्दाम बंद पाडणारा एक प्रोग्राम चालवत, त्याला त्यांनी नाव दिलं 'केऑस मंकी', धुडगूस घालणारं माकड. जनरेटर आहे म्हणून सांगू नका, मेन स्विच पाडून दाखवा, हा त्यातला भाव.

आता अशा बिघाडाकडं वळतो ज्याला 'डाऊन' म्हणताच येत नाही, आणि माझ्या मते सामान्य माणसाला सर्वांत जास्त तोच छळतो. काम अर्ध्यावर अडकतं. अंगठा लागला, यंत्रावर गोल गोल फिरत राहिलं, पावती आली नाही. सर्व्हरवर नोंद झाली की नाही? दुकानदाराला माहीत नाही, कार्डधारकाला माहीत नाही. धान्य दिलं आणि नोंद झाली नसेल तर दुकानदाराच्या साठ्यात घट. नाही दिलं आणि नोंद झाली असेल तर सरकारदरबारी त्या घरानं धान्य खाल्लेलं आहे. निरोप पोहोचला की नाही याची खात्री दुसऱ्या निरोपानं करायची, तर तो दुसराही हरवू शकतो. हे कोडं तत्त्वतःच पूर्ण सुटत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

पण त्याच्यासोबत जगायची युक्ती आपल्या बाजार समितीत जुनीच आहे. हर्रासी झाली, माप झालं, काटापट्टी फाटली, तिच्यावर नंबर आहे. तीच काटापट्टी घेऊन शेतकरी अडत्याकडं तीनदा गेला तरी पैसे एकदाच मिळतात. आणि पहिल्यांदा दिले की नाही अशी शंका आली तर नंबर काढून बघता येतं. पुन्हा विचारायला भीती नाही, कारण पुन्हा विचारल्यानं दुप्पट होत नाही. संगणकाच्या रचनेत नेमकं हेच करायचं असतं: प्रत्येक व्यवहाराला एक नंबर, आणि तोच नंबर पुन्हा आला तर नवं काम न करता जुनंच उत्तर द्यायचं.

यूपीआयमध्ये पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोहोचले नाहीत, हा तोच प्रकार. इथं रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ ला एक परिपत्रक काढलं, ते मला मूल्यमापनाचा नमुना वाटतं. एका माणसाचे पैसे दुसऱ्या माणसाच्या खात्यात जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करा. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्या, आणि तेही त्यानं तक्रार करायची वाट न बघता. इथं कोणी विचारलं नाही की सर्व्हर किती टक्के चालू होता. अडकलेलं काम किती दिवसांत सुटलं, एवढंच विचारलं. पैशाला ही सोय आहे. रेशनच्या अडकलेल्या अंगठ्याला दिवसाला किती रुपये?

इथून मी माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. २००० साली एरिक ब्रूअर यांनी एक विधान मांडलं, २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी ते सिद्ध केलं. सोप्या भाषेत असं: प्रणालीचे दोन तुकडे आहेत आणि मधली तार तुटली. आता तुमच्यापुढं दोनच वाटा. एक तर 'नेटवर्क येईपर्यंत काम बंद' म्हणा, म्हणजे हिशेब चुकणार नाही. किंवा काम चालू ठेवा आणि हिशेब नंतर जुळवा, थोडी चूक होऊ शकते. दोन्ही एकदम मिळत नाही. ब्रूअर यांनीच पुढं २०१२ मध्ये एटीएमचं उदाहरण दिलं. बँकेशी संपर्क तुटला तरी एटीएमला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देऊ देता येतं. एखाद्यानं जास्त उचलले तर नंतर वसूल करू, नाही झाले तर तोटा सोसू, पण ग्राहक परत जाऊ नये. म्हणजे बँकेसारखी काटेकोर संस्थाही अशा वेळी विश्वासाच्या बाजूनं चूक करायला तयार होऊ शकते.

रेशन दुकानात काय पणाला लागलेलं आहे? अंत्योदय कुटुंबाचं महिन्याचं ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. तार तुटल्यावर दिलं तर फार तर एकदा दोनदा दिलं जाईल, आणि पुढच्या महिन्यात कापता येईल. नाही दिलं तर त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई परत जाईल. तरीही आपल्या यंत्राचा कल 'काम बंद' कडे. बरं, धोरण तसं नाही. केंद्राच्या अन्न विभागानं २४ ऑक्टोबर २०१७ लाच राज्यांना कळवलंय की नेटवर्क नाही, बोटांचे ठसे जुळत नाहीत, एवढ्यावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नका, अपवादाची वेगळी नोंदवही ठेवा. म्हणजे कागदावर बिघाड-सहनशीलता आहे. कोणती वाट धरायची हे धोरणानं ठरवलंय, आणि यंत्राच्या रचनेनं ते गुपचूप उलटं फिरवलंय. 'सर्व्हर डाऊन' या वाक्यात हा निर्णय लपून बसतो. धान्य न देण्याचं कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि वाक्य असं बोलतं जणू पाऊस पडतोय. त्या अपवादाच्या वहीत महिन्याला किती नोंदी होतात, हे कोणत्याही कार्यक्षमतेच्या अहवालातलं पहिलं कलम असायला पाहिजे. नेटवर्क वारंवार जाणाऱ्या गावात ती वही कोरी असेल तर तिथं बिघाड झाला नाही असा अर्थ होत नाही. वही कोणी उघडतच नाही, असा होतो.

सगळंच वाईट आहे असं म्हणून मी जाणार नाही. महसूल विभागाचं ई-पीक पाहणी ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलं. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. त्याच्या रचनेत एक मोलाची गोष्ट आहे. शेतात रेंज नसेल तरी माहिती फोनमध्ये राहते, गावात आल्यावर अपलोड करायची. कोणीतरी धुऱ्यावर उभं राहून विचार केलेला आहे. २०२२ च्या आवृत्तीत तर ४८ तासांत दुरुस्तीची सोय दिली, आणि शेतकऱ्याची नोंद खरी धरून तलाठ्यानं १० टक्क्यांची पडताळणी करायची असं ठरवलं. आधी विश्वास, मग नमुना-तपासणी. एटीएमसारखंच.

त्यात मला खटकतं ते तारखेचं. अशा रचनेत मुदत कशाला लावायची, फोटोला की अपलोडला? फोटो शेवटच्या दिवशी दुपारी काढला, रेंज दुसऱ्या दिवशी आली. काम शेतकऱ्यानं वेळेत केलं, उशीर तारेनं केला. मुदत अपलोडला लावली तर धुऱ्यावर केलेला सगळा विचार फुकट जातो आणि शेवटच्या रात्री गर्दी पुन्हा सर्व्हरवरच येते. फोटोच्या वेळेला लावली तर गर्दी आपोआप पसरते, जादा यंत्रं न घेता. फोनचं घड्याळ मागं करून कोणी फसवेल म्हणाल, तर त्याला तांत्रिक उपाय आहेत, आणि १० टक्के पडताळणी आहेच.

बोलणं लांबलं. प्रश्न घेतो.

प्रश्न : हे सगळं करायला खर्च किती? एका दिवसासाठी मोठे सर्व्हर घेऊन वर्षभर रिकामे ठेवायचे का?

नाही, आणि तसं कोणी सुचवूही नये. हल्ली यंत्रं भाड्यानं मिळतात, चार दिवसांसाठी वाढवता येतात. पण त्याहून स्वस्त उपाय नियमात आहेत. तालुकानिहाय वेगळी शेवटची तारीख द्या. किंवा अर्ज पूर्ण भरला जात नसेल तर नुसतं नाव, गट नंबर आणि वेळ नोंदवून टोकन द्या, बाकीचं आठवडाभरात भरा म्हणा. मुदतीच्या आत टोकन मिळालं की माणूस सुरक्षित. आरोग्य शिबिरात चिठ्ठी देतात ना आधी, तसं.

प्रश्न : आमच्या गावात लाईट गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो. त्याला काय म्हणाल?

तीच डीपी. वीज, टॉवर आणि यंत्राची बॅटरी ही आपण तीन वेगळी साधनं समजतो, पण तिघांचं मूळ एकच. तुमच्या गावासाठी हिशेब करताना ती तीन कड्या धरू नका, एकच धरा, आणि तिला पर्याय विजेवर न चालणाराच ठेवा.

प्रश्न : मी सेवा केंद्र चालवतो. लोक शिव्या आम्हाला देतात. आम्ही काय करायचं?

दोनशे पानी वही घ्या. 'सर्व्हर डाऊन' असं एका शब्दात लिहू नका. तारीख आणि वेळ लिहा, काम कोणतं ते लिहा, ते नेमकं कुठं थांबलं ते लिहा: पान उघडलंच नाही, ओटीपी आला नाही, अंगठा जुळला नाही, की पैसे कापून पावती आली नाही. माणसाचं नाव, आधार नंबर काही नको. आणि शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, तो माणूस त्याच कामासाठी पुन्हा कितव्यांदा आला. तालुक्यातल्या चार-पाच केंद्रचालकांनी मिळून एक महिना असं लिहिलं, तर कोणत्या वेळी, कोणत्या कडीवर जास्त अडतं ते दिसू लागेल. एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या, एक स्वतःजवळ ठेवा. रकाने कसे आखायचे ते कार्यक्रम संपल्यावर मी फळ्यावर काढून देतो.